चुन्याच्या गोलातला रस्ता

मला एक सांगा. माणूस आपल्या मर्जीने मरायला निघाला असेल आणि तुम्ही समोर खुर्ची टाकून टाळ्या वाजवत असाल, तर त्याला थांबवणं कोणाचं काम?

हा प्रश्न मी अकोल्यात तिघांना विचारला होता. तिघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवलं. सायकलवर फिरत होता तो माझा सख्खा भाऊ.

आमच्या घरी देव्हारा नाही. छपन्नच्या दसऱ्यानंतर बाबांनी तो काढला आणि त्या रिकाम्या कोनाड्यात पुस्तिका, पत्रकं रचून ठेवली. बाबा बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन. अक्षरं जुळवत वाचायला ते पत्रकांवरच शिकले आणि मीही. संध्याकाळी मी मोठ्याने वाचायचे, वस्तीतली माणसं ओट्याखाली बसून ऐकायची. छापलेल्या शब्दाला आमच्या घरात वजन होतं. हजार लोक वाचणार असताना खोटं छापायची हिंमत कोण करील, असं बाबांना वाटे. मलाही वाटे.

दादाला वाचनाचा कंटाळा. तो अमरावतीत सायकलच्या दुकानात कामाला होता आणि दुकान बंद झालं की बडनेऱ्यापर्यंतचा रस्ता अशा वेगाने कापायचा की टांगेवाले शिव्या द्यायचे. पंधरा ऑगस्टच्या शर्यतीत तो दरवर्षी उतरे. त्या शर्यती मी पाहिल्या आहेत. झेंडी दाखवायला एक पुढारी, बक्षीस द्यायला दुसरा पुढारी. मधल्या रस्त्यावर कोणी नाही. एका वर्षी तुरीच्या कुटाराने भरलेली बैलगाडी वळणावर आडवी आली. दादा तिच्यात घुसला, कोपर फुटलं, रक्त गळत असताना उठला आणि दुसरा आला. बक्षिसाला आरसा मिळाला. माय म्हणाली, "बरं झालं. आता त्यात तोंड पाह्य आपलं."

नागपूरच्या मोठ्या शर्यतीत उतरायचं तर एखाद्या क्लबाची शिफारस लागे. ती आमच्या वस्तीत कोण आणून देणार? सायकलवर पोट भरायचं असेल तर वऱ्हाडात एकच धंदा होता: अखंड सायकल. मैदानात चुन्याचा गोल आखायचा, भोवती बांबूचं कुंपण, वर लाउडस्पीकर. आत एक माणूस आठवडाभर जमिनीला पाय न लावता सायकल चालवणार. खाणं, आंघोळ, दाढी, सगळं फिरता फिरता.

दादाला या धंद्यात आणणारा माणूस अकोल्याचा. सोन्याचा दात, तलम धोतर. त्याआधी तो शंकरपट भरवायचा, बैलजोड्यांच्या शर्यती. आमच्या दारात उभं राहून तो हसत म्हणाला होता, "बैल पळवून पाह्यले, आता माणूस फिरवून पाहू." त्याने बाबांच्या हातात पत्रक दिलं. तांबड्या शाईत छापलं होतं: 'तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली'. बाबांनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग मान हलवली. दादा गेला.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि परीक्षा संपली होती. दादाची सायकल सुरू झाल्यावर मायने ज्वारीच्या भाकरी आणि चटणी बांधून दिली आणि मी अकोल्याला मावशीकडे गेले. पहिली संध्याकाळ मजेची होती. गाणी लागली होती. दादा हँडल सोडून फिरायचा, सीटवर पोट टेकवून हात पसरायचा. बायका पोरांना उचलून दाखवत होत्या. मला पाहून तो ओरडला, "काहून व, माह्या वाटच्या भाकरी रस्त्यातच खाऊन टाकल्या का?" आणि माझ्या हातातली शिदोरी फिरता फिरता घेऊन गेला. लोक हसले. गोलाच्या कडेला खुर्चीवर एक पंच बसला होता, पाळीने दुसरा यायचा. दोघांच्याही गळ्यात शिट्टी होती.

विचित्र गोष्ट मला दिसली ती पुढे तीन-चार दिवसांनी, भर दुपारी.

अकोल्याची वैशाखातली दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. गाव असतं, पण माणसं नसतात. दारं लावलेली, रस्ते पांढरे, आवाज कशाचाच नाही. लाउडस्पीकरही तापतो म्हणून बंद ठेवला होता. मांडवाच्या सावलीत पाच-सहा माणसं पेंगत होती. त्या शांततेत दादा फिरत होता आणि मागच्या चाकाची टकटक तेवढी ऐकू येत होती. गोलाच्या पलीकडच्या बाजूला पोचला की तो घंटी वाजवी, हँडल डावीकडे वळवी आणि हातभर जागा सोडून पुढे जाई.

तिथे काही नव्हतं. खड्डा नाही, दगड नाही. मी उठून जाऊन पाहिलं. सपाट काळी जमीन, उन्हाने भेगाळलेली. मी परत येऊन बसले. पुढच्या फेरीला तेच. घंटी, वळण, जागा. आपण बाजारात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला घालतो तसं अदबीचं ते वळण होतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे उघडे होते, पण त्यांत मैदान नव्हतं. पापणी हलत नव्हती. ओठ मात्र मधूनच हलत, कोणाला तरी उत्तर द्यावं तसे.

सायकलच्या बाजूने धावत मी म्हटलं, "दादा, उतर आता."

तो माझ्याकडे न पाहता हसला. "पोचतोच," म्हणाला.

मला वाटलं, आठवडा पुरा करायचं म्हणतोय.

संध्याकाळपर्यंत ती घंटी इतरांच्याही ध्यानात आली. आधी थट्टा झाली. मग थट्टा थांबली.

"अबे, तठी कोणीतरी उभं हाये त्याले दिसते," एक पानवाला म्हणाला.

"सय्यदबाबाची जागा हाये ते. माह्या आजानं सांगतलं व्हतं."

"कायचा सय्यद! म्हसोबा व्हता तठी. मैदान सपाट करताना उखडला. आता पाह्य कसा उभा राह्यला!"

"म्हसोबा काय घंटी वाजवल्यावर बाजूले होते का बे?"

"तो कुठी बाजूले होते? हाच बाजूले होऊन राह्यला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा त्या जागी शेंदूर फासलेला दगड होता. शेजारी लिंबू, नारळ, एक हिरवी चादरही, म्हणजे दोन्ही पक्षांची सोय. बायका रांगेने येत होत्या. दगडाला हात लावून झाला की कुंपणापाशी थांबायच्या आणि दादा जवळून गेला की त्याच्या चाकाखालची माती कपाळाला लावायच्या. एकीने तर धावत जाऊन त्याच्या पावलावर पाणी ओतलं आणि नमस्कार केला.

हे मला शांतपणे लिहिता येत नाही. यांच्यातल्या किती घरांत आमच्या हातचं पाणी चालत होतं? दादा कोणत्या वस्तीतला हे कोणी विचारलं असतं तर किती जणींनी ती माती कपाळाला लावली असती? माणूस म्हणून कोणी त्याला विचारलं नाही, की बाबा, तुला झोप येते का? त्याचा देव केला आणि प्रश्नच मिटला. देवाला कुठे झोप लागते!

मी पंचाकडे गेले. तो एका शाळेतला ड्रिल मास्तर होता, माणूस सभ्य.

"मास्तर, दादाचे डोळे पाहा. तो झोपेत चालवून राहिला."

"बाई, माहं काम पाय पाहाचं हाये. पाय टेकला का शिट्टी मारतो. डोळ्याचं मले कोणी सांगतलं नाई."

"मग डोळे कोण पाहते?"

"डॉक्टर. पत्रकात छापलं हाये न."

डॉक्टरांचा दवाखाना जवळच होता. पत्रक त्यांच्यापुढे धरलं तसा त्यांनी चष्मा वर केला. "मला उद्घाटनाला बोलावलं होतं," ते म्हणाले. "हार घातला, मी नारळ फोडला, चहा प्यालो. देखरेख माझी आहे, हे तू सांगतेस तेव्हा कळतंय."

मी दादाचं सांगितलं: घंटी, वळण, न हलणारी पापणी. ते गंभीर झाले. "इतके दिवस झोप नाही म्हणजे माणूस उघड्या डोळ्यांनी स्वप्न पाहतो. वरून हे ऊन. हृदय कधीही दगा देईल. आजच्या आज उतरवा त्याला."

"तुम्ही चला. तुम्ही सांगा."

बाहेर बाकावर बसलेल्या रोग्यांकडे त्यांनी पाहिलं. "मी सांगून कोण ऐकणार? मला तिथे अधिकार कसला? भरवणाऱ्याला सांग."

भरवणारा मांडवात टरबूज खात होता. मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात तो मरेल.

"मी काय त्याले बांधून ठेवलं?" त्याने बी थुंकली. "आपल्या खुशीनं चालवून राह्यला. त्यालेच विचार न."

"तो जागा असता तर विचारलं असतं."

"झोपेत कोणी गोल फिरते का बाई? मी जनम बैलाईत काढला. बैलबी झोपला का बसते." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत मला खरंच भीती दिसली, "आता हे माह्या हातात नाई राह्यलं. देवाचं झालं. मी थांबवलं आन् काही कोपलं तं?"

त्याचा लोभ मला समजत होता. ती भीती मात्र मी धरून चालले नव्हते. मैदानातला एकही माणूस आता त्या सायकलला हात लावायला तयार नव्हता. मी पोलीस हवालदाराला गाठलं तर त्याने दगडाकडे पाहून टोपी काढली.

दुपार झाली. पुन्हा तीच पांढरी शांतता. पण आता मांडव भरलेला होता आणि भरलेला मांडव गप्प बसला होता. दादाचे ओठ काळे पडले होते. घाम थांबला होता. उन्हात घाम थांबणं म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. धावत्या सायकलचं हँडल धरलं तर तो डोक्यावर पडणार, हे मला दिसत होतं. कोणाला बघून तो वळतो हे कळल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोचता येणार नाही, असं मनाने घेतलं. मी कुंपणाखालून आत गेले आणि सरळ त्या दगडापाशी जाऊन उभी राहिले.

"ए पोरी! हट तठून! जागा हाये ते!" बायका ओरडल्या. आत मात्र कोणी आलं नाही.

मी भुताखेतांना मानत नाही. आमच्या कोनाड्यातल्या प्रत्येक पुस्तिकेने मला तेच शिकवलं आहे आणि ते मी कधी सोडलेलं नाही. तरी जे झालं ते लिहायला हवं. तिथे उभी राहिल्यावर मला वाटलं की मी कोणाच्या तरी जागेत शिरले आहे. वारा नव्हता. डोक्यावर सूर्य, पायाशी सावली नावापुरती. आणि मी, कोणी न सांगता, आपोआप थोडी बाजूला सरकले. गर्दीत शेजारच्याला आपला धक्का लागू नये म्हणून सरकतो तशी.

दादा आला. घंटी वाजली. हँडल वळलं. अगदी जवळून जाताना तो म्हणाला, "बाजूले व्हा माय. पुलावर उभं राहू नोका. मागून मोटार येऊन राह्यली."

पूल! मैदानात कुठला पूल?

अमरावतीहून अकोल्याला येणाऱ्या सडकेवर नाल्याचे लहान लहान पूल आहेत, त्यांना कठडे नाहीत. दादाने तो रस्ता सायकलने कितीदा तरी केला होता. मला उमगलं. तो या गोलात नव्हताच. तो रस्त्यावर होता. घरी निघाला होता, आणि प्रत्येक फेरीला तोच पूल पुन्हा येत होता. काल तो 'पोचतोच' म्हणाला, ते घरी.

मी पुढच्या फेरीला त्याच्या बाजूने धावू लागले. सायकलचा वेग आता चालण्याइतकाच उरला होता. मी ओरडले नाही. घरी बोलते तशीच बोलले.

"दादा, बडनेरा आलं. फाटक उघडं हाये."

त्याने मान हलवली.

"वस्ती आली दादा. हळू घे, कोंबड्या हायेत रस्त्यात."

त्याने ब्रेक दाबला. मांडवातून कोणीतरी 'अरे अरे!' ओरडलं.

"घर आलं. उतर."

आणि तो उतरला.

पाय जमिनीला लागला त्या क्षणी मास्तरांची शिट्टी वाजली. इतक्या दिवसांत त्या सगळ्या व्यवस्थेने चोख केलेलं काम तेवढं एक. दादाला ती ऐकू आली नाही. त्याने सायकल स्टँडवर लावली. चपला काढून एकीशेजारी एक ठेवल्या. मग त्या उघड्या मैदानात, जिथे भिंत नव्हती, दार नव्हतं, तो कमरेत वाकला आणि मान खाली घालून दोन पावलं पुढे टाकली. आमच्या घराची चौकट ठेंगणी आहे. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही.

आत जाऊन तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "माय, पाणी दे व." मग खाली कोसळला.

मांडवातले सगळे तो जिथून वाकून आत गेला त्या रिकाम्या हवेकडे पाहत होते. पुढे आलं कोण? तो पानवाला. त्याने आपल्या माठातलं पाणी दादाच्या डोक्यावर ओतलं आणि त्याला माझ्याबरोबर टांग्यात घातलं. मागून कोणीतरी ओरडलं, "जागेचा मान मोडला पोरीनं!" मी मागे पाहिलं नाही.

दादा वाचला. सरकारी दवाखान्यात तो किती झोपला याचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्याच्या दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट मात्र बधिर झालं ते झालंच. हँडलवर सतत भार पडून नस मेली, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. चाकाचा आरा आता त्याला घट्ट पिळता येत नाही. दुकानात तो गल्ल्यापाशी बसतो.

घरी आल्यावर एकदा मी विचारलं, "पुलावर कोण होतं रे?"

"होती एक बाई. डोक्यावर गाठोडं. तोंड काही दिसे नाही."

"नीज नव्हती तुला. डोक्यात तयार झालं ते सगळं."

"असंन," तो म्हणाला. बोटं चोळत बसला. मग म्हणाला, "पण तू तं तिच्या आंगाले लागून उभी होती. मी मनातच म्हटलं, ही अठी कशाले आली? मंग तू जराशी सरकली, तिले जागा करून देल्ली."

मी सरकले होते हे मी त्याला सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याने उघड्या डोळ्यांनी मला सरकताना पाहिलं असणार. आहे ते एवढंच, दुसरं काही नाही. मी हे स्वतःला बऱ्याचदा सांगते. तरी त्या रात्री कोनाड्यातल्या पुस्तिका काढून मी पुसल्या आणि पुन्हा रचल्या, काही कारण नसताना.

अकोल्याच्या त्या दगडावर आता पत्र्याचं छप्पर आहे. मला दगडाचा राग नाही. राग याचा आहे की त्या मैदानातून लोकांनी घरी नेलं ते एवढंच: तिथे काहीतरी आहे. तिथे काय नव्हतं, हे कोणी नेलं नाही. पाय पाहायला दोन माणसं होती. तोंड पाहायला एकही नव्हता. 'बस, आता खाली उतर' असं म्हणण्याचा हक्क ज्याला दिलेला आहे असा एकही माणूस नव्हता, आणि ज्या चालवणाऱ्यावर तो सोडून दिला होता तो झोपेत होता. चालवणाऱ्याची मर्जी विचारायची तर ती तो जागा असताना. झोपलेल्याला मर्जी नसते.

हे आज लिहायचं कारण असं, की अमरावतीच्या भिंतींवर परवा नवी पत्रकं लागली आहेत. तोच सोन्याचा दात, त्याच तांबड्या शाईत तीच ओळ: 'तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली'. सायकलवर यावेळी धामणगावकडचा एक मुलगा आहे, असं ऐकते. बाबांनी भिंतीवरची ती ओळ स्वतः वाचली. आता त्यांना माझी गरज लागत नाही. घरी येऊन ते दादाच्या हातांकडे पाहत बसले.

मी तर जाणारच आहे. तुम्हीही पाहायला जाल, जा. पण आत शिरल्यावर खुर्चीवर बसण्याआधी मोठ्याने विचारा: याला थांबवायचा अधिकार इथे कोणाला आहे? तो माणूस समोर उभा करायला लावा. नुसतं नाव नको, माणूस हवा. तो आला नाही तर टाळी वाजवू नका आणि घरीही जाऊ नका. कुंपणापाशी उभे राहा आणि त्या मुलाच्या तोंडाकडे पाहा. भर दुपारी नक्की पाहा. आणि रिकाम्या जागेपाशी त्याची घंटी वाजलेली ऐकलीत, तर नारळ आणायला धावू नका. त्याच्या बाजूने चालत राहा, आणि त्याच्या घरच्या माणसाच्या आवाजात त्याला सांगा: घर आलं, उतर.